अंबाबाईचा अंगठा

१

"मॅडम, तुमच्या पक्षकारानं हरकत मागं घेतली आहे," नियोजन कार्यालयातला अधिकारी कन्नडमध्ये म्हणाला. "अर्ज मागच्या आठवड्यातच आलाय. खाली सही तुमची आहे."

सुमा शिंदेला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या फाईलविषयी बोलतोय. मग त्यानं कागद तिच्यासमोर सरकवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जमिनीच्या वापराचे खटले लढवण्यात सुमाची म्हैसुरात चोवीस वर्षं गेली होती. तळं बुजवून त्याचं लेआउट कसं होतं, बागेसाठी राखलेल्या जागेवर घरं कशी उभी राहतात, हे तिला तोंडपाठ होतं. दहा दिवसांपूर्वी तिनं आपलं एकटीचं ऑफिस बंद केलं आणि चामराजपुरमला तिरुमलरावांच्या फर्ममध्ये रुजू झाली. रुजू झाल्याच्या दिवशीच तिच्या हातात पहिली फाईल पडली, ती रंगाऱ्यांच्या वाळवणाची.

हेब्बाळच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही सव्वातीन एकर मोकळी जागा. कापड रंगवणारी आणि छापणारी मराठी घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या ओलं कापड पसरत आली. आता बारा घरंच हा धंदा करतात, पण करतात. शहराच्या आराखड्यात ती मोकळी जागा म्हणूनच राखलेली आहे. भोवतालची जमीन विकत घेतलेल्या बिल्डरला ही जागासुद्धा निवासी करून हवी होती. त्याच्या आड एकच कागद येत होता, बारा घरांच्या वतीनं अंबाबाईंनी घेतलेली हरकत.

आणि आता हा दुसरा कागद. 'जागेचा वापर बंद झाला असल्याने हरकत मागे घेत आहे.' खाली निळ्या शाईत डाव्या अंगठ्याचा ठसा, त्याखाली अंबाबाईंचं नाव आणि शेवटी वकिलाची सही.

"हा अर्ज मी दिलेला नाही," सुमा म्हणाली.

"मग सही खोटी आहे का?"

सुमानं सही दोनदा पाहिली. तिच्या सहीतला 'श' नेहमी ओळीखाली घसरतो, तसा तो इथंही घसरला होता. सही तिचीच होती.

अधिकाऱ्यानं तिला बरीच वर्षं पाहिलेलं होतं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं नाव होतं म्हणून मी पक्षकाराला बोलावून विचारलंसुद्धा नाही, मॅडम. दुसरा वकील असता तर विचारलं असतं. उद्या चारपर्यंत काय ते प्रतिज्ञापत्रावर द्या. नाहीतर संध्याकाळी आदेश निघेल."

२

अंबाबाई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, सडपातळ, नखांत निळीची रेघ कायमची बसलेली. सुमानं फोनवर काढलेला कागदाचा फोटो त्यांना दाखवला आणि काय लिहिलंय ते सांगितलं.

अंबाबाईंनी फोन डोळ्यांशी नेला. बराच वेळ बघितलं.

"हा कुणाचा अंगठा, लायरम्मा?" वकीलबाईला त्या लायरम्माच म्हणायच्या.

"तुमचा म्हणून लावलाय."

"माझा? अय्यो, माझा अंगठा उमटतोय कुठं?" त्यांनी डावा हात सुमाच्या नाकासमोर धरला. अंगठ्याचं टोक गुळगुळीत होतं, रेषेचा मागमूस नाही. "चाळीस वर्षं चुना आणि सोड्याच्या हौदात हात. रेशनच्या मिशनीवर दहा बोटं दाबली तरी इल्ला, नाहीच म्हणते ती. शेवटी डोळा दाखवून तांदूळ आणते मी. बँकेत पण तसंच झालं, मग लेकीनं सही शिकवली. पंधरा वर्षं झाली. मी सही करते. तुमच्या फाईलीत बघा की."

फाईल सुमाच्या बॅगेतच होती. रुजू झाल्या दिवसापासून ती तिनं स्वतःजवळ ठेवली होती, घरी नेऊन वाचली होती. तिनं पानं उलटली. वकीलपत्र, हरकतीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र. तिन्हींवर कन्नड अक्षरांत थरथरती, पण पुरी सही होती.

"म्हणजे चोर आमच्यातलाच," सुमा म्हणाली. "कागद आमच्या फर्मचा आहे."

"तुमच्यातला कोण ते तुम्ही बघा," अंबाबाई म्हणाल्या. "पण तुमची सही खरी कशी, ते आधी सांगा मला."

सुमाकडे उत्तर होतं. ते तिनं दिलं नाही. "उद्या दोन वाजता इथंच या, अम्मा," एवढं म्हणून ती जिना उतरली.

३

उत्तर साधं आणि लाजिरवाणं होतं. फर्ममध्ये एक पद्धत होती. तारीख मागायचा किरकोळ अर्ज ऐनवेळी अडू नये म्हणून प्रत्येक वकील कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवायचा. रुजू झाल्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स फिरत असताना सुमासमोरही असे दहा कागद आले. आपल्या ऑफिसात तिनं जन्मात असं केलं नसतं. पण पहिल्याच दिवशी नन्नाचा पाढा कशाला लावायचा, म्हणून केल्या सह्या. ते कागद कारकुनाच्या खणात गेले. खणाला कुलूप नव्हतं.

ऑफिसात पोचताच तिनं खण उघडून कागद मोजले. नऊ निघाले.

कारकून नरसिंगराव पंचवीस वर्षं तिथं होते. त्यांना तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"अर्ज मीच टपालात दिला, मॅडम," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मागच्या गुरुवारी. ट्रेमध्ये बंद पाकिटं असतात, मी नेतो, शिक्का मारून आणतो. आत काय ते मी बघत नाही."

"ट्रेमध्ये कोणी ठेवलं?"

"कोणीही ठेवतं. तुम्ही पण ठेवता की. मी अंबाबाईंचं का वाईट करीन? मार्चमध्ये सही करायला त्यांना पाऊण तास लागला. पेन बदलून बदलून दिलं मी. प्रत्येक अक्षराला थांबायच्या."

गुरुराज हा फर्मचा दुसरा भागीदार, पंचेचाळिशीचा, कपड्यांचा शौकीन. त्याच बिल्डरची कडकोळ गावची दोन कामं त्याच्याकडे होती, आणि सुमाला घेऊ नका असं त्यानं उघड सांगितलं होतं. दार न वाजवताच ती त्याच्या केबिनमध्ये शिरली.

"कानामागून आलात आणि तिखट झालात, मॅडम," तिचं ऐकून तो म्हणाला. "नोडी, हे बघा, मला तुम्ही नको होता, हे खरं आहे. बिल्डर माझा पक्षकार आहे, हेही खरं. म्हणूनच ही फाईल मी सोडली आणि तुमच्याकडे गेली. पण चोरी करायची तर मी एवढी बावळट करीन? मार्चमध्ये त्या बाईंच्या प्रतिज्ञापत्रावर ओळख मीच दिलीये. 'माझ्यासमोर सही केली,' असं लिहून खाली माझं नाव आहे. बघा फाईल."

सुमानं फाईल पाहिली. होतं.

उरली सहना, सव्वीस वर्षांची ज्युनिअर. पुढच्या महिन्यात ती बेंगळुरूच्या एका मोठ्या बिल्डरकडे नोकरीला जाणार होती. ती रडायलाच लागली.

"मॅम, मला मराठीत नीट सांगायला येत नाही. घरी आई बोलते, मी कन्नडातच उत्तर देते. पण ती हरकत मी लिहिलीये, पूर्ण. अज्जींनी सही केली तेव्हा मी त्यांचा फोटो काढला, त्यांना हवा होता म्हणून. त्यांची पहिली कोर्टातली सही होती ना." तिनं फोन काढून दाखवला. टेबलावर ओणवलेल्या अंबाबाई, दातांत जीभ धरून लिहिताहेत.

तिघं बोलली, आणि तिघंही सुमाला खरी वाटली. साप साप म्हणून भुई धोपटत दुपार गेली होती. चार वाजता आतल्या मोठ्या खोलीतून निरोप आला, 'सर बोलावतायत.'

४

तिरुमलराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. आता रोज दुपारी दोन तास यायचे, कॉफी घ्यायचे, तरुणांना दोन गोष्टी सांगायचे. सुमा पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकली होती. दोन महिन्यांपूर्वी ते स्वतः तिच्या घरी आले, तिच्या वडिलांशी, मालोजीरावांशी, तासभर गप्पा मारल्या आणि म्हणाले, "एकटी किती लढशील? घरी ये." त्या एका शब्दासाठी ती आली होती.

"बस," ते म्हणाले. "गुरुराजनं सांगितलं मला. काय वाट्टेल ते विचारत सुटली आहेस म्हणे सगळ्यांना."

"सर, बारा घरांची जागा जातेय."

"माहीत आहे. ती जागा मला तू सांगतेस?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं चौकटीत एक पिवळा पडलेला निकाल लावलेला होता. "शहाऐंशी साल. गिरणीवाल्यांनी तिथं गोदाम बांधायला घेतलं होतं. तेव्हा या ऑफिसात मी एकटा, ना कारकून ना भागीदार. अंबाबाई आणि तिचा नवरा नागेंद्र या टेबलापाशी उभे होते. फी नव्हती त्यांच्याकडे. नागेंद्रनं सही केली, तिनं अंगठा उठवला, माझ्याच शाईच्या गादीवर. कोपरापर्यंत हात निळे होते. त्या केसनं मला वकील केलं."

कॉफी आली. त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला.

"आता ऐक. प्रतिज्ञापत्र वगैरे देऊ नकोस. काय लिहिशील? कोऱ्या कागदावर सही केली, असं? बार कौन्सिल सनद काढून घेईल. चोवीस वर्षांच्या नावावर पाणी पडेल. अंबाबाईला सांग, काहीतरी गैरसमज झाला. ती जागा अशीही राहणार नाही. भोवती बघ, कंपनीच्या बसगाड्या, फ्लॅट. कापडं कुठंही वाळतात."

सुमानं कॉफी अर्धी घेतली. सर काळजीनं बोलत होते आणि त्यांचं ऐकावं असं तिला क्षणभर वाटलंही. "विचार करते," म्हणून ती उठली. दाराशी पोचली, मूठ कडीवर होती, आणि ती तिथंच थबकली. मग बाहेर आली आणि सहनाला हाक मारली.

"तो फोटो मला पाठव. आणि सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलाव."

५

"चोरानं एक चूक केली," सुमा म्हणाली. गुरुराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, नरसिंगराव खुर्चीत, सहना त्यांच्यामागे. "अंबाबाईंच्या नावानं खोटा कागद करायचा आहे. तुमच्यापैकी कोणी काय केलं असतं?"

तिनं अंबाबाईंचा फोटो तिघांपुढं धरला.

"सही केली असती. वेडीवाकडी सही, नक्कल करायला अगदी सोपी. नरसिंगरावांनी पाऊण तास ती सही होताना पाहिली. गुरुराज, तुम्ही ती तुमच्यासमोर झाल्याचं लिहून दिलंत. सहनाकडे तर फोटो आहे. तुम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात अंगठा आला नसता. अंबाबाई सही करतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे."

"मग ज्याला ठाऊक नाही त्यानं केलं," गुरुराज सावकाश म्हणाला. "पण त्यानं फाईल का नाही बघितली?"

"फाईल दहा दिवस माझ्या बॅगेत आहे. बघायची तर मला मागावी लागली असती. आणि त्याला बघायची गरजही वाटली नाही. रंगाऱ्याची म्हातारी बायको, ती अंगठाच देणार, एवढी खात्री त्याला होती. कारण त्यानं तिला एकदाच कागदावर पाहिलंय, आणि तेव्हा ती अंगठाच देत होती. मधल्या चाळीस वर्षांत तिचा अंगठा झिजला, नवरा गेला, ती सही शिकली, यातलं काही त्याला माहीत नाही. तिला अंगठा देताना पाहिलेला या ऑफिसात एकच माणूस आहे."

नरसिंगरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"कुंपणानंच शेत खाल्लं," ते पुटपुटले.

सुमा आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.

६

तिरुमलरावांनी नाकारलं नाही. भिंती पातळ होत्या, सगळं ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यातल्या सव्वा एकरावर कायद्याचं कॉलेज होणार आहे," ते म्हणाले. "बिल्डर बांधून देतोय. माझ्या नावाचं. गरिबांची मुलं शिकतील तिथं. मी नसतो तर शहाऐंशीलाच गेली होती ती जागा. मी राखली, मी दिली. यात चोरी कसली?"

"तुम्ही राखलीत म्हणून ती तुमची झाली?"

"सुमा, आवाज खाली."

"नाही होणार." ती टेबलाजवळ आली. "पंचवीस वर्षं मी तुमचं नाव घेऊन कोर्टात उभी राहिले, सर. तुम्ही घरी आलात, माझ्या वडिलांच्या हातची कॉफी घेतलीत. कशासाठी? माझी सही लागली की तो अधिकारी पुढं विचारत नाही, म्हणून. मला फर्ममध्ये घेतलं नाहीत, माझं नाव घेतलंत. केसानं गळा कापलात."

"तुला भागीदारी देणार होतो."

"तो अंगठा कोणाचा आहे?"

"घरच्या स्वयंपाकिणीचा. तिला काय कळतंय, किराणाची पावती आहे म्हटलं."

या माणसाला उगाच भ्यायचो आपण, असं सुमाच्या मनात आलं, आणि मग त्याचीही चीड आली.

"तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, सर. अंगठे दिसतात."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच कडक झाला. "जा, सांग सगळ्यांना. पुरावा काय? माझं नाव कुठल्याही कागदावर नाही. अंबाबाई उद्या म्हणेल अंगठा माझा नाही, बिल्डरचा वकील म्हणेल म्हातारी फिरली. तज्ज्ञाकडून ठसा तपासून येईपर्यंत तिथं पाया भरलेला असेल. त्या कागदाला खोटं पाडणारी एकच गोष्ट आहे, कागद कोरा असताना तू सही केलीस हे तुझ्या तोंडचं. बोल. मग तू वकील राहतेस का बघ."

७

शुक्रवारी अडीच वाजता नियोजन कार्यालयाच्या व्हरांड्यात अंबाबाई बसल्या होत्या. सोबत वाळवणावरच्या पाच-सहा बायका होत्या. सहना आपलं निवेदन घेऊन आली होती, नरसिंगरावही आले. कोरे कागद खणात असतात हे त्यांनी लिहून दिलं होतं, पंचवीस वर्षांची नोकरी पणाला लावून. गुरुराज आला नाही. फोनही उचलला नाही.

सुमानं दोन प्रतिज्ञापत्रं काढली. एक अंबाबाईंचं, एक स्वतःचं.

"इथं सही करा, अम्मा. वेळ कमी आहे."

"आधी वाचा," अंबाबाई म्हणाल्या.

"तुमचं मी काल फोनवर सांगितलंय की, सरांचंही."

"माझं नको. तुमचं वाचा. या सगळ्यांना ऐकू येईल असं."

कागद कन्नडमध्ये होता. सुमा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. मी अमुक तारखेला फर्ममध्ये रुजू झाले. मजकूर नसलेल्या दहा कागदांवर मी सह्या केल्या. हे तिनं भरभर म्हटलं आणि पुढं गेली.

"तिथं परत," अंबाबाई म्हणाल्या.

"मजकूर नसलेल्या दहा कागदांवर मी सह्या केल्या."

"कोऱ्या?"

"हो."

"आम्ही केल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं?"

"ओरडले असते."

"हौदु, ओरडलाच असता. मार्चमध्ये तुमच्या त्या ऑफिसात एवढा मोठा बोर्ड लावलेला होता. वाचल्याशिवाय सही करू नका. या पोरीनं मला वाचून दाखवला." अंबाबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात माफी नव्हती. "तो बोर्ड आमच्यासाठी, न्हवं का? शिकलेल्यांसाठी नसतोय."

बायकांपैकी कोणी हसलं नाही. सुमाचा राग दोन दिवस दुसऱ्यांच्या दारात हिंडत होता, तो तिथं, त्या बाकासमोर, तिच्याच घरी परत आला. तिनं उरलेला कागद शेवटपर्यंत वाचला. मग अंबाबाईंनी पेन घेतलं आणि बावीस मिनिटं लावून सही केली. कोणी घाई केली नाही.

पावणेचारला दोन्ही कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर होते. त्यानं सुमाचा कागद वाचला आणि अंबाबाईंचा अंगठा स्वतः उलटून पाहिला.

"आदेश थांबवतो," तो शेवटी म्हणाला. "हरकत कायम. त्या अर्जाची पोलिसांत तक्रार होईल. आणि मॅडम, तुमच्या प्रतिज्ञापत्राची प्रत मला बार कौन्सिलला पाठवावी लागेल."

"पाठवा," सुमा म्हणाली.

"पुढची तारीख महिन्यानं." तो अंबाबाईंकडे वळला. "अम्मा, मला नियमानं विचारलं पाहिजे. वकील हेच ठेवणार का? तुमचा यांच्यावर विश्वास आहे?"

अंबाबाईंनी सुमाकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"विश्वास कालच संपला, सायबा. तिरुमलरावांवर ठेवलेला पण संपला. आता या कागद वाचतील, मी ऐकेन, समजलं तर सही करेन. वकील याच राहू देत."

सुमानं मान खाली घातली आणि पुढच्या तारखेचा कागद घेतला. बाहेर येऊन ती बाकावर बसली, अंबाबाईंना शेजारी जागा करून दिली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.